तराफ्याचा प्रश्न आणि चुकीचा खड्डा

लुसाका, खासदार निवास, खोली एकोणतीस
बुधवार, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

आक्का,

मी दारात गुडघे टेकून, हातांची ओंजळ करून दोनदा टाळी वाजवली असं समज आणि 'ये रे आत' म्हण, म्हणजे पुढचं लिहायला मला तोंड फुटेल. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? चर्चच्या छपराचे पत्रे अजून वाऱ्यानं वाजतात का? माझं म्हणशील तर उजवा गुडघा ठणठणीत आहे. डावा शनिवारपासून भोपळ्याएवढा सुजला आहे, आणि तो का सुजला हे सांगण्यासाठीच हे पत्र. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? (टेकडी चढून तू फोन लावतेस, त्यामुळे पहिली दोन मिनिटं तुझी धाप आणि उरलेली आठ तुझा राग.) पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढाच माझा फायदा. तिसाउकेची तब्येत बरी आहे, पाय सुजत नाहीत, आणि जानेवारीत दिवस भरले की पोरगी 'मामाच्या तराफ्यावरून ऐटीत नदी ओलांडून दवाखान्यात जाणार', असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. चौथ्या वेळेपर्यंत चहा गार झाला होता.

कारण तो तराफा, आक्का, रोज तुझ्या डोळ्यांसमोर पडून आहे. मार्चच्या पुरात त्याचा तारेचा दोर तुटला, ते लोखंडी धूड वाहत जाऊन वळणावरच्या वाळूत रुतलं, आणि आता पाणघोडे त्याला पाठ घासतात, हे मी तुला लुसाकात बसून काय सांगायचं! आत्ता पाणी कमी आहे म्हणून होड्या चालताहेत. डिसेंबर लागला की लुकुंझी फुगणार, होडीवाला झिमांदा होडी पालथी घालून घरी बसणार, आणि मग पाणी उतरेपर्यंत अख्खं गाव या काठाला आणि दवाखाना त्या काठाला. गेल्या साली माकोन्याच्या सुनेचं काय झालं ते मी विसरलेलो नाही. तू तर नाहीच विसरलेलीस, कारण तिला आंघोळ तू घातलीस.

आता गावात कोणी म्हणत असेल की जायरोस लुसाकात जाऊन गादीच्या खुर्चीत झोपा काढतो, तर त्याला माझ्याकडे पाठवून दे. तराफ्याचा प्रश्न मी तीनदा लेखी दिला. तिन्ही वेळा त्याला चौदावा नंबर मिळाला. आणि प्रश्नोत्तराचा तास अकराव्या नंबरापाशीच संपतो, कारण आमच्यात असे काही सदस्य आहेत की 'होय' म्हणायला त्यांना स्वातंत्र्यापासून सुरुवात करावी लागते. मग मी काय केलं? देशाचे प्रश्न घेतले. विजेवर बोललो (आपल्या गावात खांबच नाही, पण ज्यांची वीज जाते त्यांचंही दुःख आपणच मांडायचं). पेरणी झाल्यावर येणाऱ्या खतावर बोललो. मका खाणाऱ्या हत्तींवर तर इतकं पोटतिडकीनं बोललो की वन खात्याच्या मंत्र्यानं मला मिरचीच्या कुंपणाचं माहितीपत्रक दिलं. मी त्याला सांगितलं, आमच्याकडचे हत्ती मिरची मक्याबरोबर तोंडी लावतात. सभागृह हसलं. बावीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या माणसाला वर्ग हसला की उगाच बरं वाटतं. पण परत येऊन बाकावर बसलो की समोर तोच चौदावा नंबर.

गेल्या गुरुवारी मात्र देव पावला. तीन सदस्य गैरहजर, एकाचा घसा बसलेला, आणि नंबर चौदा पुकारला गेला! रस्ते-पुलांचे मंत्री कासोंदे उभे राहिले. (बेंबा माणूस. गोल, हसरा, बुटांना आरशासारखी चकाकी.) त्यांनी फाईल उघडली आणि गोड आवाजात वाचलं, की लुकुंझी नदीवरील तराफा सुस्थितीत असून जनतेस नियमित सेवा देत आहे. आक्का, माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, अध्यक्ष महाराज, या माकडखाऊला विचारा, तराफा सेवा देतोय ती कुणाला, पाणघोड्यांना?

आता तूच सांग, यात माझं काय चुकलं? आपण न्गोनी, तो बेंबा. आपल्या पणजोबांनी आणि त्यांच्या पणजोबांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि नंतर दमून ठरवलं की यापुढे पोराबाळांनी भाले ठेवून नुसत्या शिव्या घालायच्या. आपण त्यांना माकडखाऊ म्हणायचं, त्यांनी आपल्याला उंदीरखाऊ म्हणायचं, आणि ज्याला राग येईल तो हलका. कासोंदेला कुठला राग! सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. उठून म्हणाला, अध्यक्ष महाराज, जन्मभर बिळं उकरणाऱ्या उंदीरखाऊंना पाण्याची भीती वाटणारच. झालं, फिटंफाट झाली, आता पुढचा मुद्दा असं मी समजलो. पण खुर्चीवर होते उपाध्यक्ष मुबिता साहेब. पश्चिमेकडचे लोझी, वय पासष्ट, अंगावर काळा झगा, डोक्यावर पांढरा टोप, आणि चेहरा असा की दूध नासावं. ते म्हणाले, "शब्द असंसदीय आहे. मागे घ्या."

मागे कसा घेऊ? थट्टेच्या नात्यातली शिवी मागे घेणं म्हणजे नातंच नाकारणं! मी तसं नम्रपणे सांगितलं (बाक आपटला तो चुकून). तर कासोंदेच हरकतीचा मुद्दा घेऊन उभा, की यांनी शब्द मागे घेतला तर मला अपमान वाटेल, गावी माझ्या मावश्या मला विचारतील की न्गोनींनी तुला परका का ठरवला. मुबिता साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. त्यात माकडंही नव्हती आणि उंदीरही नव्हते. शेवटी म्हणाले, निर्णय मंगळवारी देईन, तोवर सदस्यांनी दिवसभरासाठी बाहेर जावं. मी बाहेर गेलो. माझ्याबरोबर तराफाही बाहेर गेला. आठ महिने थांबून तोंडाशी आलेला घास, आणि माझ्याच जिभेनं घालवला! त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. म्हणजे न्सिमाचा गोळा खाल्ला, पण कालवण नको म्हटलं.

शुक्रवारी बातमी आली की कासोंदेचा मामा वारला. सख्खा, थोरला, ज्यानं त्याला वाढवलं आणि शिकवलं तो. वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि लगेच डोक्यात लख्ख उजेड पडला. मातीला थट्टेचं नातं लागतंच! (वडील गेले तेव्हा शाळेतला तो बेंबा मास्तर त्यांचा कोट घालून, त्यांच्यासारखा खाकरत अंगणभर फिरला होता आणि 'माझी तपकीर कुणी चोरली' म्हणून ओरडत होता, आठवतं? आई रडता रडता हसली होती. त्यानंतरच तिनं पाणी घेतलं.) तर अशा नातलगानं खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं, आणि घरच्यांनी काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय उठायचं नाही, हा आपला हक्क. लोक कोंबडीवर उठतात. मी ठरवलं, मी तराफ्यावर उठणार. फाईलच्या आड बसलेल्या मंत्र्याला पकडता येत नव्हतं ना, आता मामाच्या कबरीपाशी, सगळ्या मावश्यांच्या देखत, नाही म्हणून दाखव म्हटलं बेट्या.

शनिवारी निघालो, तर वाटेत टायर बसला. दफनभूमीवर पोचलो तेव्हा उन्हानं डोळे दिपत होते आणि तिथे (लुसाकात माणसं सुद्धा एकाच वारी मरतात की काय कोण जाणे) एकाच वेळी पाच-सहा माती चाललेल्या. एका ठिकाणी झेंडा लावलेली काळी सरकारी गाडी दिसली, पांढरे रुमाल बांधलेल्या बायका गात होत्या, पेटी अजून वरच होती. देवा, वेळेत आलो, म्हणत मी गर्दीतून घुसलो, कोट काढला आणि मारली खड्ड्यात उडी. गुडघा तिथेच गेला. पण कळ दाबून आडवा झालो, छातीवर हात बांधले आणि सुरू झालो. म्हटलं, अरे माकडखाऊंनो, हा म्हातारा कुठेही जाणार नाही, या जागेवर आता मी राहतो! हा म्हातारा आयुष्यभर एक होडी घेऊ शकला नाही, आणि याचा भाचा म्हणे नद्यांवर तराफे चालवतो! बोलवा त्या लठ्ठ भाच्याला, मला तारेचा दोर दिल्याशिवाय मी उठणार नाही!

कुणी हसेना. गाणं थांबलं. वरून बायकांची डोकी दिसायला लागली, एकेक करून, आणि एकीच्याही चेहऱ्यावर ओळख नाही. मग एक बाई दुसरीला विचारते, आणि तेही टोंगा भाषेत, "हा कोण मेला आपल्या बाबांच्या जागेत झोपलाय?" आक्का, टोंगा! टोंगांचं आणि आपलं थट्टेचं नातं नाही. टोंगांशी आपलं कसलंच नातं नाही! मी एका अनोळखी, खानदानी, दक्षिणेकडच्या शेतकऱ्याच्या कबरीत पडून त्याच्या मुलांना माकडखाऊ म्हणत होतो. विधवा बाईंनी चप्पल काढली, तेवढं मला खालूनही स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि खड्ड्याच्या काठावर एक ध्यान येऊन उभं राहिलं. अंगाला बाईचं फुलाफुलांचं चितेंगे गुंडाळलेलं, पोटावर उशी बांधलेली, डोक्यावर मेलेल्या म्हाताऱ्याची गवती टोपी, तोंडाला मक्याचं पीठ फासलेलं आणि हातात काठी म्हणून झाडू. लोझी माणूस! टोंगांचं थट्टेचं नातं लोझींशी, आणि हा बिचारा आपला हक्क बजावायला आला होता, तर त्याच्या खड्ड्यात आधीच कोणीतरी. त्यानं झाडूच्या टोकानं मला ढोसलं. मी वर बघितलं. त्यानं खाली बघितलं. पिठाखालून मुबिता साहेब माझ्याकडे बघत होते.

मग सभागृहातला तोच आवाज आला, "सन्माननीय सदस्य आजच्या कामकाजपत्रिकेत नसलेल्या खड्ड्यात उतरले आहेत. बाहेर या." यावर मात्र टोंगा मंडळी अशी हसली, अशी हसली, की विधवा बाई चप्पल तशीच हातात धरून खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मुबिता साहेबांनी झाडू खाली सोडला, तो धरून मी वर आलो. कोटावरची माती त्यांनी स्वतः झटकली. हळूच म्हणाले, तुमच्या मंत्र्यांच्या मामाची माती त्या झाडांपलीकडे होती, अर्ध्या तासापूर्वी उरकली, आणि इथली झेंड्याची गाडी माझी आहे. एवढं बोलून ते कंबर हलवत, म्हाताऱ्यासारखे खोकत, पेटीपाशी निघून गेले. इतका सुंदर खोकला मी कधी ऐकला नाही. मी गाडीत जाऊन बसलो आणि मला रडू फुटलं. हसण्यासारखं असूनही फुटलं. तिसाउकेचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता.

काल मंगळवार. मुबिता साहेब झगा-टोप घालून खुर्चीवर. मी त्यांच्या कानामागे पीठ दिसतंय का बघितलं, नव्हतं. ते म्हणाले की खुर्चीला शनिवार-रविवारी या प्रथेचा जवळून अभ्यास करण्याची संधी मिळाली (हे बोलताना त्यांच्या मिशीचा केस हलला नाही!), सबब शब्द कामकाजात राहतील, आणि सदस्यांचा प्रश्न आज पहिला घेण्यात येईल. पहिला, आक्का! अकराव्याच्याही आधी!

कासोंदे उभा राहिला. फाईल उघडली नाही. म्हणाला, "अध्यक्ष महाराज, उत्तराआधी मला एक गाऱ्हाणं मांडायचंय. हे माझे थट्टेचे भाऊबंद, आणि हे माझ्या मामाच्या मातीला आले नाहीत." अगं, यापेक्षा मोठा आरोप न्गोनी माणसावर काय व्हायचा? मी ताडकन उठलो, म्हणालो, मी आलो होतो! तो म्हणाला, कुणी बघितलं? मी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीनं छताकडे बघितलं. एक शब्द बोललो असतो तर साक्षीदार तिथेच बसला होता, झग्यात. पण उशी, पीठ आणि झाडू, आणि ज्या माणसानं मला चपलेच्या तडाख्यातून वर ओढलं तो माणूस, यांना भर सभागृहात उघडं पाडायचं? माझ्याच्यानं नाही बोलवलं गं. मी खाली बसलो. आरोप कबूल.

कासोंदे म्हणाला, मग दंड. एक बोकड. आणि आमच्या रीतीप्रमाणे दंड पाठवायचा नसतो, घरचे वसूल करायला येतात. तीस तारखेला मी स्वतः चारही मावश्यांना घेऊन यांच्या गावी जेवायला येणार. सगळे बाक वाजवायला लागले. मी म्हटलं, अध्यक्ष महाराज, पुरवणी प्रश्न. मंत्रिमहोदय मावश्यांना घेऊन नदी कशावरून ओलांडणार?

त्यानं तोंड उघडलं. फाईलकडे बघितलं. मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघितलं, ते बूट बघत होते. (चार मावश्या, आक्का, त्यातली एकही शंभर किलोच्या आत नाही, होडीच्या नावानं किंचाळतात.) मग हळूच म्हणाला, "तराफ्यावरून." आणि सभागृह जे कोसळलं ते पाच मिनिटं. मुबिता साहेबांनी टोप सरळ करायच्या निमित्तानं तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी उपाहारगृहात कासोंदेनंच चहा पाजला. म्हणाला, जायरोस, खरंच माहीत नव्हतं रे, फाईलवर असतं ते वाचतो. मग बराच वेळ मामाबद्दल बोलत बसला. मामा नेहमी उजव्या बाजूनं सायकलवर चढायचा, पडायचा, पुन्हा उजव्याच बाजूनं चढायचा. मी ते उठून करून दाखवलं, सुजलेल्या गुडघ्यानं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि म्हणाला, आता माती पुरी झाली. तर असं सगळं इथे उत्तम चाललं आहे. दाजींना नमस्कार, पोराटोरांना पापे, आणि गावाला सांग की तुमचा माणूस झोपलेला नाही.

तुझा पाठचा, सन्माननीय आणि एका पायानं लंगडा,
जायरोस सोको

ता. क. बोकड माझ्याकडे नाही हे तुला माहीत आहे. तुझाच द्यावा लागणार. पांढऱ्या तोंडाचा तो, ज्याला तू 'माननीय' म्हणून हाक मारतेस आणि जो बोलावल्यावर कधीही येत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, देशकार्य आहे.

ता. क. २. आता मोठ्यानं वाचणं बंद कर. जमलेल्यांना घरी पाठव आणि मग पुढचं वाच. आक्का, तिसाउकेला या शनिवारीच झिमांदाच्या होडीनं पलीकडे ने. पाणी अजून खाली आहे. दवाखान्याच्या आवारात दिवस भरत आलेल्या बायकांसाठी खोल्या आहेत, मी नर्सबाईंशी बोललो आहे, एक खाट धरून ठेवली आहे. पातेलं, पीठ आणि दोन चितेंगे बरोबर दे. मला ठाऊक आहे, तू गावभर सांगत सुटली आहेस की माझी लेक माझ्या भावाच्या तराफ्यावरूनच जाणार, होडीतून चोरासारखी नाही. लोक तोंडावर हसतील. हसू देत. सांग की भाऊ बिनकामाचा निघाला, मला चालेल. अकरा वर्षं मी त्या बाकावर बसतो आहे, तिथं दिलेला शब्द किती दिवसांनी नदीपर्यंत पोचतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. माझ्या शब्दावर कोंबड्या लाव, बोकड लाव, पोरीला लावू नकोस.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं पुन्हा फाडलं. आत्ताच कासोंदेचा निरोप आला, की तारेचा नवा दोर आणि सहा माणसं घेऊन ट्रक आज सकाळी निघाला! आनंदानं मी उडी मारली आणि गुडघा पुन्हा गेला. आता तू म्हणशील, मग कशाला पोरीला होडीत बसवायची. आक्का, ट्रक निघाला आहे, पोचलेला नाही. शनिवारी ने.